दादाचं हाड

ऐकून घ्या, पण विश्वास ठेवू नका. आजवर कुणी ठेवलेला नाही, मग तुम्हीच कशाला मोडता घालताय? माझ्या या उजव्या नडगीत माझ्या थोरल्या भावाचं हाड आहे. भाऊ धडधडीत जिवंत आहे. तो बघा, फळीच्या त्या टोकाला उंच खुर्चीवर बसून रोपांत कलमाचे डोळे भरतोय, आणि मी बोलतोय ते ऐकू येत असून न आल्यासारखं करतोय. त्याचं हाड त्याच्या अंगात नाही, माझ्या अंगात आहे. आणि ते माझं ऐकत नाही.

"झालं सुरू," पलीकडे पिशव्यांत माती भरता भरता आमची ही म्हणाली.

गवंड्यानं कुबड्या फळीला टेकवल्या आणि तो हळूच स्टुलावर बसला. परांचीवरून पडून त्याची नडगी मोडली होती. वर्ष होत आलं तरी जुळत नव्हती. आता हाडाचं कलम करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याची बोबडी वळली. दवाखान्यातच कुणीतरी म्हणालं, गावाबाहेरच्या रोपवाटिकेत एक म्हातारा आहे, त्याचं असं कलम झालंय, त्याला जाऊन विचार. म्हणून तो आला होता. त्याची बायको एक्स-रेचं भलंमोठं पाकीट छातीशी धरून उभीच होती. आमच्या हिनं एक खोकं पालथं घालून दिलं तेव्हा ती टेकली. बोलली मात्र काही नाही.

"काका, एकच सांगा," गवंडी म्हणाला. "करून घेऊ की नको? दुखतं का फार? आणि ते हाड आणतात कुठून?"

"एकच म्हणालास आणि तीन विचारलेस," मी म्हणालो. "भिंती अशाच बांधतोस का? बस. पहिल्यापासून सांगतो. मधलंच सांगितलं तर तुला वाटेल मी थापा मारतोय."

दादा खाली मान घालून हसला. मला त्याचे खांदे दिसले.

तर आमचं काम हे असं, डोळे भरायचं. जंगली लिंबाचं रोप वाढवायचं. तो खुंट. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीला उभी आडवी चीर द्यायची, साल हलकेच उचलायची आणि गोड संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सोलून आत सरकवायचा. वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. डोळ्यानं धरलं की जंगली लिंबाला गोड संत्री लागतात. सगळी विद्या एवढीच. पण ते सगळं मांडी घालून, उकिडवं बसून, वाफ्यात वाकून करायचं. माझं आणि दादाचं अर्धं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलंय.

चांगले डोळे देणारं झाड मात्र एकच होतं, दोन शेतांमधल्या बांधावर. वडील गेल्यावर आम्ही जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, फावडी-टिकाव वाटले, अगदी पाणी शिंपायची झारीसुद्धा वाटली. ती माझ्याकडे आली, तिचं तोंड दादाकडे गेलं. झाड वाटता येईना. शेवटी ठरलं, उगवतीच्या फांद्या दादाच्या, मावळतीच्या माझ्या. झाडाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच वर्षापासून ते सगळी नवी फूट उगवतीला टाकायला लागलं. मी खत घालायचो मावळतीला, फांद्या फुटायच्या त्याच्याकडे. मी म्हणायचो, दादानं झाडाला फितवलं. आम्ही बोलणं टाकलं. बांधावर समोरासमोर आलो तर दोघंही आभाळाकडे बघायचो. बघणाऱ्याला वाटायचं, दोघा भावांना पावसाची केवढी काळजी!

त्या वर्षी पाऊस खरंच लांबला. माझ्या बाजूच्या फांद्या काटक्यांसारख्या वाळल्या. खुंट मात्र तयार होते. साल सुटायला लागली होती. साल सुटायचे दिवस थोडे असतात, ते गेले की चाकूनं नुसता लाकडाचा भुसा निघतो आणि वर्ष हातचं जातं. मी काय करणार? सकाळी दादा विहिरीकडे गेलेला बघून झाडावर चढलो. उगवतीच्या बाजूला. मूठभर काड्या कापल्या, अजून एक लांबची दिसली, हात केला, आणि फांदी गेली.

आवाज आला तो वाळक्या काटकीचा नव्हता. ओली फांदी पिळून तोडली की येतो ना, तसला. मला वाटलं फांदीचाच. खाली बांधाच्या दगडांत पडून मी पायाकडे बघितलं तर जिथे गुडघा नसतो तिथे पाय वाकलेला. मी ओरडलो नाही. मी नुसता बघत राहिलो, की हा कुणाचा पाय इथे टाकलाय.

"अगं आई," गवंडी म्हणाला. त्याला स्वतःचा आठवला असणार.

पहिला आला तो दादा. तोही लंगडत. त्याचा खुब्याचा सांधा तेव्हाच झिजला होता, चालताना तो दर पावलाला दात खायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मुठीतल्या काड्यांकडे बघितलं, वर त्याच्या बाजूच्या मोडक्या फांदीकडे बघितलं. पिशव्या न्यायची हातगाडी आणली, मला काखेत धरून तिच्यात घातलं, पायाखाली बारदान घातलं आणि ढकलत निघाला. रस्ता दगडधोंड्यांचा. दर खड्ड्याला मी त्याला शिव्या घालत होतो. "हळू! मारतोस का? जमीन खाल्लीस, झाड खाल्लंस, आता मला खा!" तो ढकलत होता. त्याचा पाय घासत होता, घामानं सदरा चिकटला होता. डांबरी रस्ता येईपर्यंत थांबला नाही.

रस्त्यावर टेम्पो मिळाला. तोवर आमची ही धावत आली. तेव्हा दादानं माझी मूठ उघडली, त्या काड्या काढून घेतल्या, डोक्याचं फडकं पाण्यात भिजवून त्यात गुंडाळल्या आणि हिच्या हातात दिल्या.

"आजच भर," म्हणाला. "सुकतील."

त्यानं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. हाडापेक्षा ते फडकं जास्त लागलं.

"थापा नाहीत ना या?" गवंड्यानं हळूच हिला विचारलं.

"इथवर खरं आहे," ही म्हणाली. "पुढे सावध ऐका."

नडगीत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी आलो, खाट धरली. महिने गेले, पाय दुखायचा थांबेना. टेकवला की आत काहीतरी हलायचं, बिजागरी सैल झालेल्या दारासारखं. मधल्या काळात दादाचा खुबा पार गेला. गाडी ढकलल्यामुळे गेला असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. त्याच दवाखान्यात त्याचा सांधा बदलला. ही डबा घेऊन बघायला जाऊन आली. मी गेलो नाही. पाय मोडका असण्याचा एवढा तरी उपयोग असतो.

येऊन ही म्हणाली, "मोठ्या भाऊजींच्या खुब्याच्या हाडाचा जुना गोळा काढला, तो त्यांनी दान दिला. सही केली. हाडांची बँक असते म्हणे."

"त्याचं सडकं हाड कुणाला हवंय?" मी म्हणालो. गवंडी, हे वाक्य लक्षात ठेव.

मग एक दिवस डॉक्टरांनी माझा फोटो उजेडासमोर धरला. तुझ्या बायकोच्या पाकिटात आहे तसलाच. मोडल्या जागी काळी रेघ होती तशी.

"जुळलं नाही," ते म्हणाले. "दोन्ही टोकं गप्प बसलीत. कलम करावं लागेल."

मी हसलो. "साहेब, मला कलम शिकवता? माझ्या हातून हजारोंनी झालीत."

"बरं झालं. मग समजावायला सोपं जाईल," ते म्हणाले. "आधी सांगा, तंबाखू खाता?"

"थोडी. रोपांवरही मारतो, पाण्यात कालवून. कीड जाते."

"तुमच्या हाडाला कीड लागलेली नाही. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. नव्या हाडाला रक्त लागतं. ते पोचत नाही म्हणून हे असं. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद, नंतर हाड जुळेपर्यंत बंद. बिडी, मिश्री, सगळंच. नाहीतर मी कलम करीन आणि तुम्ही ते माराल."

मी म्हणालो, सोडली. बोलायला काय जातं? तर आमच्या या बाईनं माझ्या खिशात हात घातला, पुडी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मग दुसऱ्या खिशातून दुसरी. मग माझी टोपी काढली आणि तिच्या घडीतून तिसरी. डॉक्टर माझ्या टोपीकडे बघतच राहिले. साठीच्या माणसाची अशी झडती! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चौथी चपलेत होती," ही म्हणाली. "ती मी बाहेरच टाकली."

मग डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, दुखण्यावरच्या गोळ्या मनानं घेता का, कशाची ॲलर्जी आहे का. गवंडी, हे सगळं खरं सांग. झाडपाल्याचं औषध घेत असशील तर तेही सांग. तिथे थाप मारू नकोस. थापा मारायला पुढे आयुष्य पडलंय.

"आणि हाड कुठून आणतात?" गवंड्यानं पुन्हा विचारलं.

तेच तर! डॉक्टर म्हणाले, दोन वाटा. एक, तुमचंच. कमरेच्या पुढच्या कडेला हाडाचा काठ लागतो ना हाताला, तिथून खरवडून काढायचं. ते जिवंत असतं, त्याच्यात नवं हाड करणाऱ्या पेशी असतात. पण तिथे दुसरी जखम होते, आणि कितीतरी लोकांना पायापेक्षा तीच जास्त दिवस दुखते. दुसरी वाट, बँकेतलं. दुसऱ्या माणसानं दिलेलं, तपासलेलं, गोठवून ठेवलेलं. त्यात दुसरी जखम नाही. पण ते जिवंत नसतं. ते म्हणजे तुझी परांची. त्याच्यावर उभं राहून भिंत तुझ्या अंगानंच बांधायची. भिंत झाली की परांची हळूहळू अंगात जिरून जाते.

गवंड्यानं मान डोलावली. परांचीचं त्याला पटलं.

"तुमच्या बाबतीत तुमचंच चांगलं," डॉक्टर म्हणाले. "एकदा जुळलेलं नाही."

"छे छे," मी म्हणालो. "एका झाडाचा डोळा काढून त्याच झाडावर भरायचा? असलं येडं कलम कुणी केलंय का? जंगली लिंबाला जंगली लिंबाचाच डोळा भरला तर लागणार काय? जंगली लिंबंच! बँकेतलं घाला. चांगल्या झाडाचं बघून घाला."

डॉक्टर हसले. त्यांचं हसणं म्हणजे होकारच.

ऑपरेशनला मला कमरेखाली भूल दिली. छातीपुढे पडदा लावला. पलीकडे ठोकाठोकी चाललेली ऐकू येत होती. सुतारकाम! मी भीतीनं गार पडलो. माझ्याच पायावर घण पडतोय आणि मला काही कळत नाही, म्हणजे हा पाय माझा राहिलाच नाही की! तेवढ्यात एक डबा उघडला. त्यातून थंड धूर निघाला. नर्सबाई म्हणाल्या, "हे घ्या." मी मान उचलून पडद्याच्या फटीतून बघितलं. वाटीत पांढरे तुकडे. आणि देवाशप्पथ सांगतो, मी ओळखले. सगळे तुकडे माझ्याकडे पाठ करून बसले होते. अशी पाठ जगात एकाच माणसाला फिरवता येते.

"कुणाचं हाड आहे?" मी ओरडलो.

"ते सांगत नसतात," डॉक्टर म्हणाले. "हलू नका."

सांगायची गरजच नव्हती. याच दवाखान्यात, गेल्याच हिवाळ्यात, माझ्याच आईच्या पोटच्या माणसानं हाड दिलं होतं. ज्याला मी सडकं म्हणालो होतो ते माझ्या नडगीत ठोकून बसवत होते, आणि मला बोंबलायचीही सोय नव्हती.

"बोल, बोल," दादा चाकू पुसत म्हणाला. "माझ्या हाडाला धक्का लावू नकोस म्हणजे झालं."

भूल उतरली तेव्हा मला कळलं दुखणं काय असतं. ते मी लपवणार नाही. पाय ठणकत होता, पण शिंक आली, खोकला आला, की कमरेत कुणीतरी कुदळ घातल्यासारखं व्हायचं. उजव्या कुशीवर वळलो की काजवे. शेजारच्या खाटेवरच्यानं विनोद सांगितला तर मी त्याला हात जोडले, बाबा रे, हसवू नकोस. भांडं द्यायला परकं माणूस यायचं. उभ्या जन्मात कुणापुढे वाकलो नाही, तो मी कमर उचलून धरा म्हणून गयावया करत होतो. गोळ्या वेळेवर घे गवंडी, मर्दपणा दाखवू नकोस. दुखायला लागल्यावर नको, आधीच घे.

घरी सोडताना नर्सबाईंनी हिला बसवून सगळं शिकवलं. रोज दोन्ही पट्ट्या बघायच्या. लाली वाढली, पू आला, वास आला, थंडी वाजून ताप आला, तर लगेच यायचं. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर एक क्षणही थांबायचं नाही. पाय सांगेपर्यंत टेकवायचा नाही. आणि जेवण नीट, दूध, अंडी, डाळ, पोटभर. गवंड्याच्या बायकोकडे बघून मी म्हणालो, "पोरी, हे तुझं काम. याच्यावर सोडू नकोस. पुरुषाला स्वतःची जखम दिसत नाही."

तिनं मान हलवली. ओठ हलत होते. ती मनात पाठ करत असावी.

आणि नेमकी तेव्हाच साल सुटायला लागली.

घरात हात दोनच, हिचे. ही भल्या सकाळी माझी पथारी आवरायची, पट्ट्या बघायची, मला खाटेसकट ओसरीत ओढायची आणि वाफ्यात उतरायची. मी खाटेवरून ओरडायचो, "चीर खोल जातेय! लाकूड नको लागायला! डोळा उलटा धरलास!" ती पुढचा खुंट धरायची. दुपारी तिच्या पाठीचा कणा उन्हात वाकलेल्या खुंटासारखा दिसायचा. एकदा तिनं चाकू माझ्यापुढे धरला. "या. भरा," म्हणाली. मी पायाकडे बघितलं. ती म्हणाली, "मग गप्प बसा." तिकडे बांधापलीकडे वहिनी एकटीच वाकलेली. नव्या सांध्यामुळे दादालाही उकिडवं बसायची बंदी. दोन्ही रोपवाटिकांत दोन बायका राबताहेत आणि दोन कारागीर ओसरीवर बसून आभाळाकडे बघताहेत!

मग मी जे केलं ते आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. आमच्यात डोळा भरला की तीन आठवड्यांनी पट्टी सोडतात. सोडावीच लागते. नाहीतर खोड जाड होतं, पट्टी रुतते आणि कलम गळा आवळून मरतं. नखानं जरासं खरवडायचं, खाली हिरवं दिसलं की धरलं. मी दिवस मोजत होतो. तीन आठवडे झाले. पायाच्या मागे प्लास्टरची पन्हळ, वरून पट्टी, आत खाज आणि आवळल्यासारखं. मला वाटलं, यांना धंदा कळत नाही. कलम मरणार!

ही वाफ्यात होती. मी उशाखालचा चाकू काढला आणि वरपासून खालपर्यंत चीर दिली. पट्टी सोडली. पन्हळ काढून ठेवली. पाय बघून मला भडभडून आलं. काडी झालेली, सालपटं निघालेली, आणि नडगीवर लांब शिवण. आता धरलंय की नाही कसं बघायचं? नखानं तर बघता येत नाही. मी उठलो आणि पाय टेकवला.

ही दारात आली ती त्याच क्षणी. हातातली डोळेकाड्यांची पाटी खाली पडली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही ओरडली नाही. मी भिंतीला धरून उभा, खाली कापलेल्या पट्ट्यांचा ढीग, हातात चाकू, आणि आत ती जुनी बिजागरी करकरली. मी खाली बसलो नाही, कोसळलो.

"हे खरं?" गवंडी उठायलाच लागला.

"अक्षर न् अक्षर," ही म्हणाली. तिचा हात मातीत तसाच थांबला होता. "अजून दारात आले की आधी यांच्या पायाकडे बघते."

डॉक्टरांनी फोटो काढला. आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मी दाखवायला नेलेल्या चाकूकडे. एक स्क्रू ढिला झाला होता. कडेला धुरकट ढगासारखं नवं हाड धरायला लागलं होतं, तेवढ्यावर निभावलं.

"पट्टी का कापली?"

"तीन आठवडे झाले, साहेब. आमच्यात सोडतात."

ते खुर्चीत मागे टेकले. शेवटी म्हणाले, "तुमच्या झाडाला चालावं लागत नाही हो. हाडाला महिने लागतात. कधीकधी एवढं करूनही धरत नाही, पुन्हा करावं लागतं. फोटोत दिसेल तेव्हा मी सांगीन, तेव्हा टेकवायचा. चाकू यांच्याकडे द्या." आणि चाकू हिच्याकडे गेला. तो मला पुन्हा मिळायला फार दिवस गेले.

त्यानंतर मी शहाण्यासारखा पडून राहिलो. आणि तेव्हाच त्या हाडानं रंग दाखवायला सुरुवात केली. दादा पहाटे उठणारा, मी उशिरा. तर पहाट झाली की पाय जागा! बाकीचा मी घोरतोय आणि हा एकटा बोटं हलवतोय. दादा डावखुरा, तर वॉकर घेऊन उठायला परवानगी मिळाली तेव्हा हा उजवा असून डाव्यासारखा वागायचा. दादाला कारल्याचा तिटकारा. घरात कारलं शिजलं की नडगीला कळ! हिनं कारलं करणंच सोडलं.

"ते तुम्हालाच आवडत नाही," ही म्हणाली.

ऐकता ना? फोटोत ढगाचं हाड झालं. काळी रेघ गेली. डॉक्टर म्हणाले, आता थोडा भार टाका, हळूहळू वाढवा. मी वॉकर घेऊन अंगणात आलो. पुन्हा साल सुटायचे दिवस होते. मी विहिरीकडे निघालो. पाय बांधाकडे वळला. मी म्हणालो, अरे, इकडे! तो ऐकेना. डावा पाय माझा, तो मागे ओढतोय. उजवा दादाचा, तो पुढे ओढतोय. मध्ये मी, वॉकरला लटकलेला! ही दारातून बघत होती, ती हाक मारीना. बांधावरचं झाड आलं. मोडलेल्या फांदीच्या जागी नवी फूट आलेली, ती मावळतीकडे वळली होती. मी तिथे थांबणार होतो. पाय थांबेना. घामाघूम झालो, कमरेच्या उजव्या कडेला दाबून धरत, दर पावलाला दात खात, जसा दादा ती गाडी ढकलताना खात होता तसा, दादाच्या ओसरीपाशी येऊन उभा राहिलो.

दादा उंच खुर्चीवर बसला होता. समोरचा वाफा न भरलेला. त्यानं आभाळाकडे बघितलं. मीही बघायला वर मान केली, पण तोल गेला असता.

"मी आलो नाही," मी म्हणालो. "तुझं हाड आलंय. घेऊन बस त्याला."

त्यानं माझ्या नडगीकडे बघितलं.

"मग उन्हात कशाला उभं केलंस?" म्हणाला. "बसव त्याला."

वहिनीनं स्टूल आणलं. त्या दिवशी आम्ही कशावरच बोललो नाही. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून ही फळी ठोकली, तू टेकलायस तीच. विटांवर फळी, फळीवर पिशव्या, दोन्ही बाजूंना उंच बैठका. आता आमच्या वाफ्यात कुणी वाकत नाही. तो साल उचलतो, मी डोळा सरकवतो. बायका पट्टी गुंडाळतात आणि वेळ झाली की त्याच सोडतात. मला सोडू देत नाहीत. तर असं आहे गवंडी. मी काही कुणाची क्षमाबिमा मागायला गेलो नव्हतो. माझं गाऱ्हाणं अजून तसंच आहे. हाडानं घात केला. तेव्हा तू घालून घेशील तर विचारून घाल, कुणाचं आहे. नाहीतर नको त्या दारात जाऊन उभा राहशील.

गवंडी मोठ्यानं हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. दादानं खुंटाची साल उचलून धरली होती, माझ्या डोळ्याची वाट बघत. मी चाकूवर डोळा घेतला.

तेवढ्यात गवंड्याची बायको बोलली. पाकीट मांडीवर ठेवून, बोटावर मोजत.

"काका, एक विचारू? पट्ट्या मलाच बघायच्या आहेत म्हणून विचारते. तुम्ही म्हणालात, बँकेतलं हाड घातलं तर दुसरी जखम नसते."

"नसते."

"मग रोज बघायच्या पट्ट्या दोन कशा? आणि खोकला आला की दुखायची ती कमर. कुशीवर वळता येईना ते कमरेमुळे. बांध ओलांडतानाही तुम्ही कमरच धरली होती." तिनं आमच्या हिच्याकडे बघितलं. ही माती भरायची थांबली होती आणि पदरात हसत होती. "म्हणजे डॉक्टरांनी तुमचंच हाड घातलं. पाय पहिल्यापासून तुमचाच होता."

माझ्या चाकूवरचा डोळा सुकायला लागला होता. दादानं साल तशीच धरून ठेवली होती. तो आभाळाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"मग काका," ती म्हणाली, "तुम्हाला या दारात आणलं कुणी?"